ओळखीचा असला, तरी पडताळा : धंद्यातल्या ‘झिरो ट्रस्ट’बद्दल वाचकांचे प्रश्न

या खेपेची बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत. मोठ्या कंपन्यांच्या संगणक विभागांत वर्षानुवर्षे ऐकू येणारा ‘झिरो ट्रस्ट’ हा शब्द आता लहान कारखाने, दुकाने आणि सीएंच्या ऑफिसांतही येऊन पोचला आहे. म्हणून या वेळचे सगळे पान त्याच प्रश्नांना दिले आहे.

प्रश्न : आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे, साठ माणसे आहेत. ज्या वाहन कंपनीला आम्ही माल देतो, तिने यंदा एक प्रश्नावली पाठवली आणि तुमच्याकडे झिरो ट्रस्ट पद्धत आहे का, असे विचारले. माझे अकाउंटंट बावीस वर्षे माझ्याकडे आहेत. आता त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा का?
— लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : तुमच्या अकाउंटंटवरचा तुमचा विश्वास तसाच राहू द्या. प्रश्न तुमच्या सर्व्हरचा आहे. त्याला तुमचे अकाउंटंट दिसत नाहीत. त्याला दिसते ते एक युजरनेम, एक पासवर्ड आणि एका कॉम्प्युटरचा पत्ता. तो पासवर्ड तुमच्या बावीस वर्षांच्या सहकाऱ्याने टाइप केला, की फसव्या ई-मेलमधून चोरून एखाद्या भामट्याने, हे त्याला ओळखता येत नाही. जुन्या पद्धतीत सकाळी एकदा लॉगिन झाले, की संध्याकाळपर्यंत त्या कॉम्प्युटरला स्टोअरचे फोल्डर, डिझाइनची ड्रॉइंग, पगारपत्रक, बॅकअपची डिस्क असे सगळे मोकळे असते. कारण एकच, तो कॉम्प्युटर ‘आतला’ आहे.

झिरो ट्रस्ट पद्धतीत या ‘आतला’पणाला किंमत नसते. एखादी फाइल उघडायची, बिल मंजूर करायचे किंवा सर्व्हरवर काही बदलायचे म्हटले, की यंत्रणा तीन गोष्टी तपासते. मागणारा खरोखर तोच आहे का? ज्या यंत्रावरून मागतो आहे ते कंपनीच्या नोंदीतले आणि धडधाकट आहे का? आणि ही गोष्ट त्याच्या कामाला लागते का? तिन्ही उत्तरे जुळली तर तेवढेच दार तेवढ्यापुरते उघडते. यातली बरीच तपासणी यंत्रे आपापसांत क्षणात उरकतात, माणसाला ती जाणवतही नाही.

फॉरेस्टर रिसर्च या अमेरिकी संस्थेतले विश्लेषक जॉन किंडरवॅग यांनी २०१० मध्ये ही कल्पना या नावाने मांडली. विश्वास गृहीत धरू नये, दर वेळी पडताळावा, हा तिचा गाभा आहे.

बँकेतल्या कॅशियरची रोकड रोज संध्याकाळी मोजली जाते. पंचवीस वर्षे एका रुपयाचाही फरक न आलेल्या कॅशियरचीही मोजली जाते आणि त्यात त्याला अपमान वाटत नाही. उलट उद्या काही कमी भरले, तर ती रोजची मोजणीच त्याच्या बाजूने उभी राहते. तुमच्या अकाउंटंटना हे असेच समजावून सांगा. त्यांच्या नावाने कोणी दुसऱ्याने काही करू नये, यासाठी ही व्यवस्था आहे.

प्रश्नावली भरताना मात्र नुसते ‘हो’ लिहून मोकळे होऊ नका. तुमच्याकडे त्या कंपनीची ड्रॉइंग आहेत, तुमचे ई-मेल थेट तिच्या परचेस विभागात जातात, म्हणून ती विचारते आहे. आज काय आहे, काय नाही आणि जे नाही ते कोणत्या महिन्यापर्यंत होईल, एवढे स्वच्छ लिहा. खोट्या ‘हो’पेक्षा तारखांसकट लिहिलेले ‘अजून नाही’ ग्राहकाला जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : आमच्याकडे चांगल्या कंपनीची फायरवॉल आहे, प्रत्येक कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस आहे. मग आणखी काय हवे?
— औषधांचे घाऊक व्यापारी, ठाणे

उत्तर : ही दोन्ही हवीतच, ती काढू नका. पण फायरवॉल बहुतेक ठिकाणी इंटरनेट आणि ऑफिस यांच्या मध्ये एकाच जागी बसलेली असते. तिच्या पलीकडून कोणी एकदा आत आले, की पुढच्या हालचाली तिला दिसत नाहीत.

२७ जून २०१७ रोजी हे सगळ्या जगाने पाहिले. युक्रेनमध्ये अनेक कंपन्या ‘एम.ई.डॉक’ नावाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरत. त्याच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम आत शिरला. अपडेट नेहमीच्याच ठिकाणाहून आली होती, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. आत आल्यावर त्याने दोन वाटा धरल्या. एक होती विंडोजमधली दुरुस्त न केलेली त्रुटी. दुसरी वाट अधिक वाईट होती : कॉम्प्युटरच्या मेमरीत सापडलेले अ‍ॅडमिनचे पासवर्ड वापरून तो शेजारच्या यंत्रात जाई, मग त्याच्या शेजारच्या. त्यामुळे ज्यांनी विंडोज अगदी अद्ययावत ठेवले होते, त्यांचेही कॉम्प्युटर गेले.

डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला त्यानंतर दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले. त्याची झळ आपल्या दारातही पोचली. न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडून चालवले जाणारे टर्मिनल त्यात सापडले आणि कंटेनरची कामे हाताने करण्याची वेळ आली. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरपासून उरणच्या धक्क्यापर्यंतचा हा प्रवास शक्य झाला, कारण मधल्या नेटवर्कमध्ये त्याला अडवणारे काही नव्हते.

दुसरे उदाहरण दिल्लीच्या एम्सचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथली यंत्रणा रॅन्समवेअरने, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने, बंद पडली. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, बिले ही सगळी कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. सरकारने नंतर संसदेत सांगितले, की पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि हे घडले ते नेटवर्कची योग्य विभागणी नसल्यामुळे. सगळी यंत्रे एकाच सपाट नेटवर्कवर असली, की एका यंत्रातला रोग सर्वांचा होतो.

दोन्हीकडे मोठे नुकसान झाले ते चोर आत आल्यावर त्याला मिळालेल्या मोकळ्या रानामुळे. झिरो ट्रस्टचा भर हे रान बंद करण्यावर आहे.

प्रश्न : आमच्याकडे स्वतःचा आयटी माणूस नाही. कॉम्प्युटर एएमसीवाले बघतात, टॅलीवाले लांबूनच स्क्रीन घेतात, सीएंच्या ऑफिसातली मुले जीएसटीसाठी लॉगिन करतात. ही बाहेरची माणसे कोणत्या हिशेबात धरायची?
— फाउंड्रीमालक, कोल्हापूर

उत्तर : सगळ्यात आधी यांनाच हिशेबात धरायचे. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीचे प्रकरण या विषयातला धडाच मानला जातो. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, ऐन खरेदीच्या हंगामात, तिच्याकडून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आले ते दुकानांतली शीतयंत्रे सांभाळणाऱ्या एका कंत्राटदाराचे लॉगिन वापरून. त्या कंत्राटदाराला बिले टाकण्यासारख्या कामांपुरता प्रवेश होता. पण तिथून पुढे सरकत सरकत चोर थेट काउंटरवरच्या कार्ड यंत्रांपर्यंत गेले. शीतयंत्रे सांभाळणाऱ्याच्या लॉगिनपासून ग्राहकाच्या कार्डापर्यंत वाट असावीच का, हा खरा प्रश्न होता.

आपल्याकडेही साखळी किती घट्ट असते, हे जुलै २०२४ मध्ये दिसले. लहान बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरते तोडले आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. त्या बँकांनी स्वतः काही चुकीचे केलेले नव्हते. पण तोडता आले, म्हणून आग पुढे गेली नाही, हेही लक्षात ठेवा.

तुम्ही करायच्या गोष्टी साध्या आहेत. लांबून स्क्रीन घेण्याचे सॉफ्टवेअर कायमच्या पासवर्डवर उघडे ठेवू नका. काम असेल तेव्हा तुमच्या माणसाने परवानगी द्यायची, काम संपले की बंद करायचे. एएमसीवाल्यांना तुमचा अ‍ॅडमिन पासवर्ड देऊ नका, त्यांच्या नावाचे वेगळे खाते काढा. राउटरमधून रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडून ठेवला आहे का, हे आजच विचारा. घरून टॅली बघता यावे म्हणून कोणी तरी कधी तरी ही सोय करून दिलेली असते आणि मग ती विसरली जाते. रॅन्समवेअर टोळ्या अशी उघडी दारे रात्रंदिवस शोधत असतात.

प्रश्न : माणसांचे पटले. पण एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरशी बोलतो, तिथेही पडताळणी लागते का?
— संगणक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : लागते, आणि याचे उदाहरण तुमच्याच गावात आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. एटीएममधून पैसे मागितले, की ती मागणी एका स्विचमार्फत बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाते आणि खात्यात शिल्लक असेल तर होकार येतो. हल्लेखोरांनी खऱ्याच्या जागी स्वतःचा बनावट स्विच उभा केला. मागणी मुख्य यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हती, बनावट स्विच परस्पर ‘मंजूर’ म्हणत होता. काही तासांत २८ देशांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठीच्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर गेली.

‘मंजूर’ हा निरोप नेहमीच्या दिशेने आला, म्हणून तो खरा मानला गेला. झिरो ट्रस्टमध्ये यंत्रांनाही डिजिटल प्रमाणपत्राने एकमेकांना ओळख पटवावी लागते. शिवाय व्यवहारांचा वेग अचानक बदलला, की दुसरी यंत्रणा स्वतंत्रपणे घंटा वाजवते. तुम्ही या क्षेत्रात येणार असाल, तर अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये काढलेला ‘८००-२०७’ क्रमांकाचा दस्तऐवज जरूर वाचा. निर्णय कोण घेतो, तो कुठे अमलात येतो आणि त्यासाठी कोणती माहिती लागते, हे त्यात नीट मांडले आहे.

प्रश्न : ही पद्धत कोणी मुळापासून राबवली आहे का, की नुसतीच सल्लागारांची भाषा आहे?
— निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

उत्तर : राबवली आहे, आणि त्यामागे धक्का होता. २००९ च्या अखेरीस गुगलवर आणि इतर अनेक कंपन्यांवर एक शिस्तबद्ध हल्ला झाला. गुगलने तो जानेवारी २०१० मध्ये जाहीर केला. त्यानंतर तिने आपली अंतर्गत व्यवस्थाच बदलायला घेतली. ऑफिसच्या नेटवर्कवर असणे याला महत्त्व ठेवले नाही. कर्मचारी ऑफिसात असो, घरी असो की विमानतळावर, त्याचे खाते आणि त्याचे यंत्र दर वेळी सारखेच तपासायचे, असे ठरले. या कामाला त्यांनी ‘बियाँडकॉर्प’ नाव दिले आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये त्यावरचा पहिला लेख प्रसिद्ध केला. हे काम एका झटक्यात झाले नाही. जुनी यंत्रणा चालू ठेवून एकेक विभाग आणि एकेक काम नव्या पद्धतीवर आणताना काही वर्षे गेली.

अमेरिकी सरकारनेही जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सर्व खात्यांना ही पद्धत आणण्याचा आदेश काढला आणि २०२४ या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंतची मुदत दिली. इतक्या साधनसंपत्तीच्या सरकारला अडीच वर्षांहून अधिक मुदत द्यावी लागली, हे ‘पंधरा दिवसांत सगळे करून देतो’ म्हणणाऱ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्या हॉटेलात सगळ्या लॉगिनना आम्ही मोबाइलवरची दुसरी पडताळणी लावली आहे. आता निश्चिंत राहायचे ना?
— हॉटेल व्यवस्थापक, पणजी

उत्तर : मोठे पाऊल टाकलेत, पण निश्चिंत होण्याआधी दोन गोष्टी पाहा. मे २०२१ मध्ये अमेरिकेची कलोनियल पाइपलाइन बंद पडली, तेव्हा चोर आले होते एका जुन्या, कोणी वापरत नसलेल्या व्हीपीएन (लांबून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या) खात्यावरून. त्याला फक्त पासवर्ड होता, दुसरी पडताळणी नव्हती. पूर्व किनाऱ्याचे जवळपास ४५ टक्के इंधन वाहणारी ती वाहिनी काही दिवस थांबली आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी दिली. म्हणून आधी एकदा तपासा, की ‘सगळ्या’ म्हणजे खरोखर सगळ्या खात्यांना पडताळणी आहे का. सोडून गेलेल्या माणसाचे खाते, फ्रंट डेस्कचे सामायिक खाते, बुकिंग संकेतस्थळाचे जुने खाते, हीच सुटतात.

दुसरी गोष्ट पडताळणीच्या प्रकाराची. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर या टॅक्सीसेवा कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोराकडे तिथल्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड होता. तो लॉगिनचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिला आणि त्या माणसाच्या फोनवर मंजुरीच्या सूचना येत राहिल्या. शेवटी एकदा ‘मंजूर’ दाबले गेले. ओटीपीचेही तसेच आहे. तो खोट्या पानावर टाइप करून घेता येतो किंवा फोनवर गोड बोलून काढून घेता येतो.

याला टिकणारे साधन आहे सिक्युरिटी की, म्हणजे लॉगिनसाठीचे किल्लीएवढे यंत्र, किंवा फोन-कॉम्प्युटरमध्येच राहणारी पासकी. पान खरे आहे की खोटे, हे ती स्वतः तपासते आणि खोट्या पानाला उत्तरच देत नाही. जुलै २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना एका मिनिटाच्या आत फसवे संदेश आले. तिघांनी आपला पासवर्ड खोट्या पानावर टाकलाही. पण प्रत्येकाकडे सिक्युरिटी की असल्यामुळे चोराला त्या पासवर्डचा काही उपयोग झाला नाही. माणूस चुकणारच, हे धरूनच ही व्यवस्था बांधलेली होती. तुमच्याकडे निदान मुख्य ई-मेल, बँक आणि अ‍ॅडमिन खात्यांना तरी, जिथे सोय आहे तिथे, हे साधन लावा.

प्रश्न : यंत्रमागाचा धंदा आधीच मंदीत आहे. फार पैसे नाहीत. कुठून सुरुवात करायची?
— कापड उत्पादक, इचलकरंजी

उत्तर : या कामाचा मोठा भाग पैशाने होत नाही, शिस्तीने होतो. हा क्रम धरा.

पहिले काम यादीचे. कोणकोण माणसे, कोणती यंत्रे, कोणती सॉफ्टवेअर, कोणत्या बाहेरच्या लोकांना प्रवेश, हे एका वहीत लिहा. जे नोंदीत नाही ते राखता येत नाही. यादी करतानाच चार-दोन बेवारस खाती आणि विसरलेले कॉम्प्युटर सापडतील.

मग प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन. ‘ऑफिस१२३’ असा एकच पासवर्ड पाच जण वापरतात, तोवर कोण काय करते हे कधीच कळणार नाही. ई-मेल, बँक आणि जीएसटी यांचे पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणे आजपासून बंद. ई-मेलला दुसरी पडताळणी सर्वांत आधी लावा, कारण बाकी बहुतेक पासवर्ड ई-मेलवरूनच बदलता येतात.

त्यानंतर हक्क कमी करा. रोजच्या कामाच्या खात्याला अ‍ॅडमिनचे अधिकार नकोत. डिस्पॅचच्या मुलाला पगारपत्रक दिसायची गरज नाही, डिझायनरला बँकेचे ई-मेल बघायची गरज नाही. टॅलीत प्रत्येकाला वेगळे युजर आणि वेगळे अधिकार देता येतात, पण बऱ्याच ऑफिसांत ते कधी लावलेलेच नसतात. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पण सगळे एकाच लॉगिनने काम करत असतील, तर त्या नोंदीतून काय कळणार?

चौथे, नेटवर्क विभागा. पाहुण्यांचे वायफाय, सीसीटीव्ही, कारखान्यातली यंत्रे आणि ऑफिसचे कॉम्प्युटर वेगवेगळ्या भागांत ठेवा. बऱ्याच स्विच आणि राउटरमध्ये ही सोय आधीच असते, तुमच्या हार्डवेअरवाल्याला विचारा. जुन्या विंडोजवर चालणारे यंत्र बदलणे परवडत नसेल, तर त्याला इंटरनेटपासून आणि हिशेबाच्या कॉम्प्युटरपासून तोडून ठेवा. विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे लक्षात असू द्या.

पाचवे, बॅकअप. त्याचे लॉगिन वेगळे हवे आणि एक प्रत नेटवर्कपासून सुटी हवी. नाही तर रॅन्समवेअर बॅकअपही कुलूपबंद करतो. दर तिमाहीला एखादी फाइल बॅकअपमधून परत आणून बघा. परत आणून न पाहिलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नका.

शेवटी पैशांचे नियम. सुताच्या व्यापाऱ्याचा ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा ई-मेल आला, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. ई-मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. ठरावीक रकमेवरचे पेमेंट एकाने टाकायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे. याला खर्च शून्य आहे आणि कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.

प्रश्न : एका विक्रेत्याने ‘झिरो ट्रस्टची पेटी’ बसवून देतो म्हणून मोठे कोटेशन दिले आहे. घ्यावी का?
— प्लॅस्टिक उद्योजक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधीच्या उत्तरातली कामे झाली आहेत का, ते पाहा. झाली नसतील तर थांबा. झिरो ट्रस्ट ही काम करण्याची रीत आहे, ती एका पेटीत येत नाही. विक्रेत्याला विचारा : माझ्या कोणत्या खात्याला कोणती फाइल दिसावी, हे तुमची पेटी कशावरून ठरवणार? ते तुम्हीच ठरवून द्यायचे आहे, असे तो म्हणाला, तर माणूस प्रामाणिक आहे. मग ते ठरवून घ्या आणि त्यानंतरच कोटेशनवर बोला.

प्रश्न : मी नोकरदार आहे. कंपनीने ही पद्धत आणली आणि आता प्रत्येक क्लिकची नोंद होते. ही आमच्यावर पाळत नाही का?
— खासगी कंपनीतील कर्मचारी, मुंबई

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कंपनीने तुम्हाला लेखी द्यायला हवे. कोण, केव्हा, कोणत्या यंत्रावरून, कोणत्या प्रणालीत गेला, ही नोंद सुरक्षेसाठी लागते. सायबर सुरक्षेसाठीची सरकारी संस्था सीईआरटी-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने संस्थांना संगणकीय नोंदी १८० दिवस जपायला सांगितले आहे. पण तुमचे खासगी संदेश वाचणे, कॅमेऱ्यातून बघत राहणे किंवा मिनिटामिनिटाचा कामाचा हिशेब लावणे यांचा झिरो ट्रस्टशी काही संबंध नाही. कोणी त्याच्या नावाखाली हे करत असेल, तर तो या पद्धतीचा गैरवापर आहे.

काय नोंदवले जाते, ते कोण पाहू शकते आणि किती दिवस राहते, हे विचारण्यात संकोच करू नका. आणि ही नोंद तुमच्याही कामाची आहे, हे विसरू नका. ऑफिसात काही गहाळ झाले, की संशय बहुधा सर्वांत कनिष्ठ माणसावर जातो. त्या वेळी तुमचे लॉगिन दुसऱ्या यंत्रावरून झाले होते, हे दाखवणारी नोंद तुमच्या बाजूने बोलते.

प्रश्न : एवढे सगळे केल्यावर हल्ला होणारच नाही, असे म्हणता येईल?
— सहकारी पतसंस्थेच्या सचिव, सातारा

उत्तर : म्हणता येणार नाही. हल्ला झाला तर तो एका खात्यात किंवा एका खोलीत अडेल आणि लवकर लक्षात येईल, एवढे नक्की साधता येते. म्हणून पुढचे पाऊलही आधीच ठरवा. बाधित कॉम्प्युटर नेटवर्कपासून तोडायचा. कोणाला फोन करायचा, त्याचे नंबर कागदावर लिहून भिंतीवर लावायचे, कारण त्या दिवशी कॉम्प्युटर बंद असेल. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायची, कारण जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. ठरावीक प्रकारच्या घटना सीईआरटी-इनला सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात. सभासदांची माहिती तुमच्याकडे आहे, म्हणून २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही ध्यानात ठेवा. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न केल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

प्रश्न : मी वडिलांबरोबर धंद्यात आले आहे. हे सगळे नियम मी आणले, पण वडील म्हणतात, ‘मालकाला कसली पडताळणी? मला सगळे उघडे ठेव.’ त्यांना सूट द्यावी का?
— दुसऱ्या पिढीतील उद्योजिका, सांगली

उत्तर : देऊ नका. तुमच्या वडिलांचा मान मोठा आहे, म्हणूनच त्यांच्या खात्यावर चोराचा डोळा सर्वांत आधी जातो. त्यांच्या एका लॉगिनने सगळे उघडत असेल, तर चोराला दुसरे काही चोरायची गरज उरत नाही. रोजच्या कामाला त्यांनाही साधेच खाते द्या. त्यांच्या खात्याला सिक्युरिटी की लावा आणि ती किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून द्या. आठवड्याभरात सवय होईल.

याहून मोठे काम त्यांनाच करावे लागेल, ते तुम्ही करून चालणार नाही. साहेबांच्या नावाने, साहेबांचा फोटो लावून, ‘मीटिंगमध्ये आहे, या खात्यावर ताबडतोब रक्कम पाठव’ असा व्हॉट्सअ‍ॅप निरोप येतो आणि अकाउंटंट पाठवून मोकळा होतो, अशा फसवणुका सतत घडत आहेत. आता तर ओळखीच्या माणसाचा आवाजही बनवता येतो. अकाउंटंट तिथे चुकतो तो हुशारी कमी म्हणून नव्हे. मालकाला उलट विचारायची त्याला भीती असते, म्हणून तो चुकतो.

म्हणून वडिलांना एक काम सांगा. सगळ्या माणसांना एकत्र बोलावून त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे : माझ्या नावाने आलेला आदेशसुद्धा मला फोन केल्याशिवाय पाळू नका. त्यापायी उशीर झाला, एखादा सौदा हातचा गेला, तरी मी तुम्हाला बोल लावणार नाही. आणि पुढे कधी कोणी खरोखर असा फोन करून खात्री केली, तर त्या माणसाचे चारचौघांत कौतुक करावे. मालकाने एवढे केले, तर बाकीचे नियम पाळायला कोणाला सांगावे लागणार नाही.